आयात खाद्यपदार्थांची बंदरावरची तपासणी

बाहेरच्या देशातून विक्रीसाठी आणलेला खाण्यापिण्याचा माल भारतात उतरला की नुसती कस्टम ड्युटी भरून घेऊन जाता येत नाही, त्याला एफएसएसएआयची म्हणजे भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाची एनओसी लागते, आणि ती देण्याआधी बंदरावर, विमानतळावर किंवा जमिनीवरच्या सीमेवर जी तपासणी होते तिची ही नोंद. मूळ कायदा २००६चा, त्यातलं कलम २५ आयातीचं, आणि रोजच्या कामाला लागणारे नियम २०१७चे. त्याआधी १९५४च्या भेसळ प्रतिबंधक कायद्याखाली पोर्ट हेल्थ ऑफिसर हे काम बघायचे. महाराष्ट्रात याचं सगळ्यात मोठं ठिकाण म्हणजे उरण तालुक्यातलं न्हावा शेवा, १९८९ला सुरू झालेलं जेएनपीटी बंदर (आता जेएनपीए), शिवाय मुंबई बंदर आणि सहारचं एअर कार्गो.

तपासणी म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर लॅब येते, पण नवख्या इम्पोर्टरचा माल बहुतेक वेळा लॅबपर्यंत जातच नाही, त्याआधीच अडकतो, कारण आधी कागद बघतात, मग डोळ्यांनी माल बघतात, आणि त्यात नापास झालं तर सॅम्पल घेतच नाहीत. म्हणून खरं काम जहाज निघायच्या आधीचं असतं, इथे पोचल्यावर फार कमी गोष्टी दुरुस्त करता येतात.

सुरुवातीला दोन गोष्टी हातात पाहिजेत, डीजीएफटीचा, म्हणजे केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयाचा, आयईसी कोड (आयात-निर्यातीचा नंबर) आणि एफएसएसएआयचं इम्पोर्टर म्हणून सेंट्रल लायसन्स. मग सीएचए, म्हणजे आताच्या भाषेत कस्टम ब्रोकर, इम्पोर्टरच्या वतीने बिल ऑफ एंट्री, म्हणजे आलेल्या मालाचा कस्टमकडचा अर्ज, भरतो. २०१६पासून सिंगल विंडो आल्यामुळे तोच अर्ज कस्टमकडून एफएसएसएआयच्या सिस्टिमला जातो, वेगळी फाईल घेऊन फिरावं लागत नाही. बिल ऑफ एंट्री जहाज यायच्या ३० दिवस आधीपर्यंत भरता येतं आणि शहाण्या माणसाने ते आधीच भरावं, नाहीतर कंटेनर सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराजवळच्या कंटेनर यार्डात, पडून राहतो, तिकडे जागेचं भाडं म्हणजे ग्राउंड रेंट चढतो, इकडे कंटेनर उशिरा परत केल्याचं शिपिंग लाईनचं डिटेन्शन चढतं, आणि रीफर म्हणजे थंड कंटेनर असेल तर विजेचे पैसे वेगळे. प्रत्येक कन्साइनमेंटचं सॅम्पल घेतातच असं नाही, रिस्क बघून निवड होते, पण आपला माल सुटेल असं धरून हिशोब करू नये.

आता शेल्फ लाईफ, इथे भल्याभल्यांचा गोंधळ होतो. नियम असा की क्लिअरन्सच्या वेळी मालाचं ६० टक्के आयुष्य शिल्लक पाहिजे किंवा एक्स्पायरीला तीन महिने बाकी पाहिजेत, यातलं जे कमी असेल ते. दोन वर्षं टिकणाऱ्या बिस्किटाला तीन महिने बाकी असले तरी चालतं, त्यामुळे त्याची चिंता नाही. पण १२० दिवस टिकणारं चीज घ्या, त्याला ७२ दिवस शिल्लक पाहिजेत, म्हणजे बनल्यापासून इथे तपासणी होईपर्यंत हातात फक्त ४८ दिवस, आणि त्यातच कारखान्यातून निघणं, तिकडच्या बंदरातली वाट बघणं आणि समुद्रप्रवास सगळं बसवायचं. २०२३च्या शेवटी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि युरोपची जहाजं आफ्रिकेला वळसा घालून यायला लागली, प्रवास दहा दिवसांच्या वर लांबला, तेव्हा असा माल विमानानेच आणायची वेळ आली. १० टक्के किंवा जास्त अल्कोहोल असलेल्या दारूला एक्स्पायरी छापायची गरज नसते, तिथे ही कटकट नाही.

लेबलच्या चुका दोन प्रकारच्या. इम्पोर्टरचं नाव-पत्ता, एफएसएसएआयचा लोगो आणि लायसन्स नंबर, व्हेजचा हिरवा ठिपका किंवा नॉन-व्हेजची खूण हे राहिलं असेल तर बॉन्डेड वेअरहाऊसमध्येच, म्हणजे कस्टमच्या देखरेखीखालच्या गोदामातच, न निघणारा एकच स्टिकर लावून भागतं. पण घटकांची यादी नाही, बॅच नंबर नाही, बनवल्याची तारीख नाही, असं असलं तर स्टिकर चालत नाही, थेट नकार. हा फरक मला योग्यच वाटतो, कारण कोणी आणलं हे इथे लिहिता येतं, डब्यात काय आहे आणि ते कधी बनलं हे बनवणाऱ्यानेच सांगायला पाहिजे. २०१४च्या आसपास स्कॉच आणि विदेशी चॉकलेटचे कंटेनर लेबलवरून बंदरात रखडले होते, त्यावरून बरीच ओरड झाली. दारूसाठी वेगळे नियम २०१८ला आले आणि २०१९च्या एप्रिलपासून बाटलीवर आरोग्याचा इशारा सक्तीचा झाला.

सॅम्पलचे दोन भाग करतात, एक लॅबला आणि दुसरा जपून ठेवतात. लॅबने पाच दिवसांत रिपोर्ट द्यायचा असतो. पास झाला तर एनओसी, नापास झाला तर इम्पोर्टर दुसरा भाग फेरतपासणीसाठी रेफरल लॅबला पाठवायची मागणी करू शकतो, तिथेही नापास झाला तर माल परत पाठवायचा नाहीतर नष्ट करायचा. टँकरभर पामतेलाला लॅबच्या तपासणीचा खर्च जाणवत नाही, पण एकाच कंटेनरमध्ये सॉस, चटण्या, चॉकलेट असे शंभर प्रकार आणणाऱ्या छोट्या व्यापाऱ्याला प्रत्येक प्रकाराची फी भरावी लागते आणि तिथे त्याचं कंबरडं मोडतं.

एफएसएसएआय म्हणजे सगळं झालं असंही नाही. डाळी, फळं, सुकामेवा असेल तर प्लँट क्वारंटाईन, म्हणजे पिकांच्या कीड-रोगांची तपासणी, वेगळं, माल कीड-रोगमुक्त असल्याचं तिकडच्या सरकारचं फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट लागतं आणि बऱ्याच मालाला फ्युमिगेशन, म्हणजे कीड मारायची धुरी. मांस, दूध, मासे असतील तर अ‍ॅनिमल क्वारंटाईन, म्हणजे जनावरांच्या रोगांसाठीची तपासणी, आणि आधी काढलेलं सॅनिटरी इम्पोर्ट परमिट. मार्च २०२१पासून सफरचंद, मका, बटाटा धरून २४ पिकांना जीएम, म्हणजे जनुकीय बदल केलेलं, नसल्याचं सर्टिफिकेट लागतं. चीनचे दुधाचे पदार्थ तर दुधात मेलामाईन हे रसायन मिसळल्याच्या २००८च्या प्रकरणापासून बंदच आहेत.

आपला माल बाहेर जातो तेव्हा याच प्रकारची तपासणी समोरचा करतो. २०१०ला नाशिक भागातल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट हे वाढ रोखणारं रसायन सापडलं आणि युरोपात कंटेनर अडकले, २०१४ला फळमाशीमुळे युरोपने हापूससकट सगळे भारतीय आंबे बंद केले ते २०१५ला उठवले.

बॅगेजच्या मर्यादेत स्वतःसाठी आणलेल्या खाऊला एफएसएसएआयची एनओसी लागत नाही, पण बियाणं, रोपं आणि मांस यांना क्वारंटाईनचे नियम बॅगेतसुद्धा लागू होतात.