मॅकडॉवेल काउंटी: कोळसा शिल्लक, वस्ती ओसरलेली

अमेरिकेतल्या ग्रामीण गरिबीवर बातमी करायची ठरली की पत्रकारांची पावले हमखास वेस्ट व्हर्जिनियाच्या दक्षिण टोकाकडे, मॅकडॉवेल काउंटीकडे वळतात. बंद पडलेल्या दुकानांचे फोटो निघतात आणि खाली ओळ छापली जाते: कोळसा संपला, गाव बसले. हे निदान चुकीचे आहे. इथला कोळसा संपलेला नाही. या पट्ट्यातून आजही पोलाद कारखान्यांसाठी कोळसा निघतो, जहाजांनी परदेशी जातो, आणि अशा अमेरिकी कोळशाच्या मोठ्या गिऱ्हाइकांत भारतही आहे. संपली ती तो काढायला लागणाऱ्या माणसांची गरज. आणि ज्या जमिनीतून तो निघतो ती जमीन या माणसांची कधी नव्हतीच. काउंटीतल्या आजच्या बहुतेक अडचणी या दोन गोष्टींपाशी येऊन ठेपतात.

आधी जनगणनेचे आकडे पाहू. १९०० साली लोकसंख्या १८,७४७ होती. १९५० मध्ये ती ९८,८८७ झाली आणि २०२० मध्ये पुन्हा १९,१११ वर आली. म्हणजे १२० वर्षांत काउंटी जिथून निघाली तिथेच परतली. शेवटच्या आकड्यातही तुरुंगातले कैदी धरलेले आहेत, कारण अमेरिकी जनगणना कैद्याला तो जिथे बंदिस्त आहे तिथला रहिवासी मानते. वेल्चजवळ २०१० मध्ये सुरू झालेला संघराज्याचा तुरुंग आज काउंटीतल्या मोठ्या रोजगारदात्यांपैकी एक आहे.

काउंटीचे क्षेत्रफळ सुमारे १,३८० चौरस किलोमीटर आहे, पण सपाट जागा अगदी थोडी. अॅपलाचियन पठाराला ओढ्यांनी खोल चिरा पाडल्या आहेत. दोन्ही बाजूंना उभे डोंगर, तळाशी ओढा, रेल्वे आणि रस्ता. घर बांधायचे ते उरलेल्या चिंचोळ्या पट्टीत. १८५८ मध्ये टेझवेल काउंटीतून हा भाग वेगळा काढला तेव्हा इथे विखुरलेले शेतकरी होते. ते मका पिकवत, डुकरे रानात चरायला सोडत आणि शिकारीवर भागवत. १८७३ मध्ये आयझाया वेल्च याने या भागातल्या कोळशाची पाहणी केली. आजच्या मुख्य ठाण्याला, वेल्चला, त्याचेच नाव आहे. त्याला सापडलेला थर पुढे 'पोकाहोंटास क्रमांक ३' म्हणून जगभर ओळखला गेला. या कोळशात राख आणि गंधक कमी, आणि जळताना धूर जवळजवळ नाही. म्हणून नौदलाला तो हवा होता आणि पोलादाच्या भट्ट्यांना लागणारा कोक, म्हणजे कोळसा भाजून केलेले इंधन, तेही त्यापासून उत्तम बनत असे.

पुढे जे झाले ते बाहेरच्या भांडवलाने केले. सट्टेबाजांनी आणि त्यांच्यामागच्या फिलाडेल्फियाच्या पैशाने डोंगरच्या डोंगर स्वस्तात विकत घेतले. नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वे १८८३ मध्ये शेजारच्या व्हर्जिनियातल्या पोकाहोंटास गावापर्यंत पोचली, आणि १८८८ मध्ये एल्कहॉर्नचा बोगदा झाल्यावर मॅकडॉवेलमधून कोळसा बाहेर पडू लागला. १९०१ मध्ये या भांडवलाच्या फ्लॅट टॉप या जमीन-कंपनीची सगळी जमीन रेल्वेच्याच हाती आली. खाण चालवणारा जमिनीचा मालक नसे. तो भाडेपट्टा घेई आणि टनामागे ठरलेली रॉयल्टी भरी. पट्टा संपेपर्यंत जेवढे काढता येईल तेवढे काढायचे, हाच त्याचा हिशेब, त्यामुळे टिकाऊ गाव उभारण्यात त्याला रस नव्हता. त्याच सुमारास यू. एस. स्टीलने सुमारे ५०,००० एकर पट्ट्याने घेतले आणि गॅरी भोवती डझनभर खाणी पाडल्या. गॅरी हे नाव कंपनीचे अध्यक्ष एल्बर्ट गॅरी यांचे.

पहिल्या खाणी डोंगराच्या कुशीत आडव्या शिरणाऱ्या होत्या. ओढ्याच्या वर थर उघडा पडलेला, तिथूनच आत खणत जायचे. पाणी आपोआप बाहेर येई आणि भरलेला डबा उताराने खाली येई. पण हा थर वायव्येकडे उतरत जातो. म्हणून पश्चिमेला बार्टलीसारख्या ठिकाणी उभी विहीर खोदून खाली उतरावे लागले. खोल गेले की मिथेन वाढतो, आणि पोकाहोंटासचा कोळसा ठिसूळ असल्याने धूळही बारीक उडते. वायूचा छोटा भडका या धुळीला उठवतो, ती पेट घेते, आणि स्फोट बोगद्याबोगद्यातून पुढे धावत जातो. १० जानेवारी १९४० रोजी बार्टलीत ९१ माणसे मेली. याला उपाय माहीत होता: भिंतींवर आणि जमिनीवर चुनखडीची भुकटी इतकी पसरायची की उडालेल्या धुळीत न जळणाऱ्या भागाचे प्रमाण जास्त राहील. तो रोज करावा लागतो, कारण रोज नवी कोळशाची धूळ त्यावर बसते. दुर्लक्ष होते ते नेमके इथेच.

हाताने भरण्याच्या काळात खाणकामगार रोजंदारीवर नव्हे, टनावर कमवत असे. थराच्या तळाशी आधी खाच घेतली जाई, पूर्वी कुशीवर पडून कुदळीने आणि नंतर कापणी यंत्राने. मग छातीला टेकवायच्या गिरमिटाने भोके पाडायची, सुरुंगाची दारू भरायची, मातीने ठासायची आणि उडवायची. कोसळलेला कोळसा फावड्याने डब्यात भरायचा आणि आपल्या नंबराचा पितळी बिल्ला त्यावर अडकवायचा. बाहेर वजनकाट्यावर बिल्ल्यावरून नोंद होई. डब्यात दगड निघाला की वजन कापले जाई, कधी अख्खा डबाच बुडे. छताला लाकडी टेकू लावणे, रूळ टाकणे, पाणी उपसणे, कोसळलेले दगड हटवणे हे सगळे फुकटचे काम. संघटनेच्या मागण्यांत काट्यावर आपला माणूस बसवण्याची मागणी कायम वर का असे, ते यावरून कळते.

खाणींच्या तोंडाशी मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या घुमटी कोक भट्ट्यांच्या रांगा होत्या. एका भट्टीत पाच-सहा टन कोळसा. पोलादाच्या भट्टीसाठीचा कोक ४८ तास भाजायचा, ओतकामासाठीचा ७२ तास, मग पाणी मारून विझवायचा आणि हाताने ओढून काढायचा. दीड टन कोळशाचा साधारण एक टन कोक होई. वायू आणि डांबर हवेत जाई. ही उत्पादने पकडणाऱ्या नव्या भट्ट्या आल्या तेव्हा त्या पोलाद कारखान्यांच्या शेजारी बांधल्या गेल्या. वायू तिथे वापरता येत होता, म्हणून ते तर्काला धरूनच होते. पण त्यामुळे कोकचा सगळा उद्योग काउंटीबाहेर गेला आणि इथे फक्त कच्चा माल उरला.

मजूर कमी पडले म्हणून कंपन्यांनी माणसे गोळा केली: व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलिना, अलाबामातून कृष्णवर्णीय, आणि हंगेरी, इटली, पोलंडहून स्थलांतरित. वेस्ट व्हर्जिनियात कृष्णवर्णीयांचा मताधिकार दक्षिणेसारखा हिरावला गेला नव्हता, आणि मॅकडॉवेलमध्ये त्यांची संख्या निवडणूक फिरवण्याइतकी होती. शाळा वेगळ्याच राहिल्या, पण मताला किंमत होती. कीस्टोनमधून 'मॅकडॉवेल टाइम्स' हे कृष्णवर्णीयांचे साप्ताहिक निघे. १९२८ मध्ये मिनी बकिंगहॅम हार्पर यांची राज्याच्या विधिमंडळात नेमणूक झाली. अमेरिकेतल्या कोणत्याही राज्याच्या विधिमंडळात बसलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. पहिल्या महायुद्धातल्या कृष्णवर्णीय सैनिकांचे किंबॉलमधले स्मारकही त्याच वर्षीचे. काउंटीच्या इतिहासाचा हा भाग बातम्यांत क्वचितच येतो.

घर कंपनीचे, दुकान कंपनीचे, डॉक्टरची फी पगारातून कापलेली. पगाराच्या आधी उचल हवी तर ती स्क्रिपमध्ये, म्हणजे कंपनीने पाडलेल्या धातूच्या टोकनांत, आणि ती वटायची त्याच दुकानात. संप केला की घर रिकामे करावे लागे. १ ऑगस्ट १९२१ रोजी शेजारच्या मिंगो काउंटीतल्या मेटवॉन गावचा पोलीसप्रमुख राहिलेला, खाणकामगारांची बाजू घेणारा सिड हॅटफिल्ड याला वेल्चच्या न्यायालयाच्या पायऱ्यांवर कंपन्यांच्या भाडोत्री बाल्डविन-फेल्ट्स एजंटांनी गोळ्या घातल्या. त्यातून भडकलेला संताप त्याच महिन्याच्या अखेरीस सशस्त्र खाणकामगारांच्या ब्लेअर माउंटनच्या लढाईपर्यंत गेला. तरी मॅकडॉवेलमध्ये संघटना रुजली ती १९३३ मध्ये, नव्या संघराज्य कायद्याने संघटित होण्याचा हक्क मान्य केल्यावर.

मग दोन दशके बरी गेली. वेल्चमध्ये शनिवारी इतकी गर्दी होई, आणि जागा इतकी कमी, की १९४१ मध्ये नगरपालिकेने बहुमजली पार्किंग बांधले. नगरपालिकेच्या मालकीचे देशातले ते पहिले मानले जाते.

उतार सुरू झाला तो संघटनेच्याच संमतीने, आणि ही गोष्ट दोन्ही बाजूंचे लोक सांगायला कचरतात. खाणमालकांशी झालेल्या १९५० च्या करारात खाणकामगार संघटनेचे अध्यक्ष जॉन एल. लुईस यांनी यांत्रिकीकरणाला हिरवा कंदील दिला. त्याबदल्यात टनामागे ३० सेंट कल्याण निधीत यायचे, १९५२ पासून ४० सेंट. त्यातून दवाखाने आणि निवृत्तिवेतन मिळणार होते. पण निधी टनांवर चालत होता, माणसांवर नाही. टन यंत्रे काढत राहिली आणि माणसे घरी बसली. खाच, सुरुंग आणि फावडे ही तिन्ही कामे एकाच सलग खणणाऱ्या यंत्राने गिळली. १९६० पर्यंत लोकसंख्या ७१,३५९ झाली होती. जे खाणीत राहिले त्यांच्या फुप्फुसात यंत्रांची आणखी बारीक धूळ गेली. काळ्या फुप्फुसाच्या आजाराची भरपाई मिळावी म्हणून १९६९ मध्ये वेस्ट व्हर्जिनियात मोठा संप झाला, आणि त्याच वर्षी खाण आरोग्य व सुरक्षेचा संघराज्य कायदा आला.

१९६० च्या प्राथमिक निवडणुकीत केनेडी या भागात फिरले. २९ मे १९६१ रोजी त्यांच्या प्रायोगिक योजनेतले देशातले पहिले फूड स्टॅम्प, म्हणजे अन्नखरेदीची सरकारी कुपने, मॅकडॉवेलमधल्या एका कुटुंबाने घेतले. हे स्टॅम्प तेव्हा फुकट नव्हते. उत्पन्नाप्रमाणे ठरलेले पैसे भरायचे आणि त्याहून जास्त किमतीचे स्टॅम्प मिळायचे. हातात रोख नसलेले सर्वात गरीब त्यामुळे बाहेरच राहात. ही अट १९७७ च्या कायद्याने गेली. स्क्रिपवर वाढलेल्या माणसांना ठराविक ठिकाणीच चालणारी नोट नवी नव्हती.

१९८० पर्यंत लोकसंख्या ५० हजारांच्या आसपास थबकली, कारण तेलटंचाईने कोळशाला भाव आला होता. मग पोलाद उद्योग कोसळला आणि १९८६ मध्ये यू. एस. स्टीलने गॅरीतल्या खाणी बंद केल्या. दहा वर्षांत काउंटीने जवळजवळ १५ हजार माणसे गमावली.

कंपन्या गेल्या तेव्हा नळयोजना मागे राहिल्या. त्या एका खाणवस्तीपुरत्या बांधलेल्या, जुन्या लोखंडी नळांच्या आणि नकाशाविना. वस्ती एवढी घटली तरी नळाची लांबी तीच, म्हणून दर घरटी खर्च वाढतो आणि गळतीत पाणी जाते. दाब घटला की फुटक्या नळातून बाहेरचे घाण पाणी आत ओढले जाते, आणि 'पाणी उकळून प्या' ही सूचना लागते. काही वस्त्यांत ती वर्षानुवर्षे टिकली. लोक रस्त्याकडेच्या झऱ्यावर किंवा जुन्या खाणीतून वाहणाऱ्या पाण्यावर घागरी भरतात. सांडपाण्याचे उत्तर त्याहून कठीण. सेप्टिक टाकीला शोषखड्ड्यासाठी माती आणि सपाटी लागते, इथे दोन्ही नाही. म्हणून अनेक घरांचा पाइप सरळ ओढ्यात सुटतो. तोच ओढा जुलै २००१, मे २००२ आणि पुन्हा फेब्रुवारी २०२५ मध्ये घरांत शिरला. उंचावर घर हलवायचे म्हटले तर वरची जमीन कंपन्यांची.

अध्यक्षीय निवडणुकांत २००८ मध्ये ओबामा इथे जिंकले आणि २०१२ मध्ये हरले. तेव्हापासून काउंटी रिपब्लिकनांकडेच आहे. शाळा २००१ मध्ये राज्याने ताब्यात घेतल्या आणि २०१३ मध्ये परत दिल्या. किंबॉलचे वॉलमार्ट जानेवारी २०१६ मध्ये बंद झाले. त्याबरोबर नोकऱ्या गेल्या आणि ताज्या भाजीसाठी डोंगर ओलांडून लांब जाणे आले.

सध्या आशा डोंगरवाटांवर चार चाकी एटीव्ही आणि डर्टबाइक फिरवणाऱ्या पर्यटकांची आहे. अशा गाड्यांसाठीच्या हॅटफिल्ड-मॅकॉय वाटांचे जाळे काउंटीतून जाते. परवाना काढून माणसे येतात, जुन्या खाणघरांत भाड्याने राहतात, आणि वेल्च आणि वॉर या गावांत जेवणघरे चालतात. या वाटा बहुतांशी जमीन आणि कोळसा कंपन्यांच्या मालकीच्या डोंगरांवर, करारानुसार चालतात. अपघात झाल्यास मालकावर दावा लागू नये अशी तरतूद कायद्यात केली, तेव्हा कुठे कंपन्या तयार झाल्या. उद्या त्याच डोंगरात कोळसा काढायचा ठरला, तर वाट दुसरीकडे वळवावी लागते.