लाळ मोजण्याची तीनशे वर्षे

आंबट द्राक्षांचा घोस संपवला की दात आंबतात, हे नाशिकमध्ये लहान पोरालाही ठाऊक असते. थोड्या वेळाने ते बऱ्याच अंशी ओसरते, आणि त्यामागे मुख्यतः लाळ असते. लाळ हे काम कसे करते, हे कळायला मात्र तीनशे वर्षे गेली.

लाळेची वाट आधी सापडली. जबड्याखालच्या ग्रंथीची नळी १६५६ मध्ये थॉमस व्हार्टन यांनी वर्णिली. कानापुढच्या ग्रंथीची नळी काही वर्षांनी निकोलस स्टेनो यांनी दाखवली. १८५० च्या सुमारास कार्ल लुडविग यांनी चेतातंतू उत्तेजित करून लाळ सुटते हे सिद्ध केले. म्हणजे लाळ नुसती पाझरत नाही, शरीर ती हुकमाने सोडते. तोंडातले जंतू साखरेपासून आम्ल करतात आणि त्याने दात किडतात, ही मांडणी डब्ल्यू. डी. मिलर यांनी १८९० मध्ये केली. पण आम्ल किती तीव्र, हे सांगायला सोयीचे माप तेव्हा नव्हते. पीएचची मोजपट्टी (७ च्या खाली आकडा जितका कमी, तितके आम्ल तीव्र) सोरेन्सन यांनी १९०९ मध्ये दिली.

खरा उलगडा १९४० च्या दशकात झाला. रॉबर्ट स्टीफन यांनी माणसांना ग्लुकोजच्या पाण्याने चूळ भरायला लावून दातांवरच्या जंतूंच्या थराचा पीएच मोजला. काही मिनिटांतच तो ५ च्या आसपास उतरला आणि पूर्ववत व्हायला अर्धा ते एक तास लागला. साधारण ५.५ च्या खाली एनॅमल, म्हणजे दातावरचे कठीण आवरण, विरघळू लागते. हिरड्या सरकून उघडी पडलेली मुळे ६.२ ते ६.५ लाच विरघळू लागतात, म्हणून म्हातारपणी कीड मुळांना धरते. ज्यांचे दात जास्त किडत, त्यांचा पीएच जास्त खाली जाई आणि वर यायला जास्त वेळ लागे. साखर किती खाल्ली यापेक्षा दात किती वेळ आम्लात राहिले, हा प्रश्न तेव्हापासून महत्त्वाचा ठरला.

ती वेळ लाळ दोन वाटांनी कमी करते: धुऊन आणि शमवून. गप्प बसलेले असताना मिनिटाला ०.३ ते ०.४ मिलि लाळ सुटते, चावताना १ ते २ मिलि. यात नुसते पाणी वाढत नाही. स्राव वेगाने वाहू लागला की त्यातले बायकार्बोनेट, म्हणजे आम्ल शमवणारा क्षार, कित्येक पटींनी वाढते. ते आम्लाशी मिळून कार्बन डायऑक्साइड होते आणि हा वायू उडून जातो, त्यामुळे आम्ल परत साचत नाही. म्हणजे प्रवाह आटला की आम्ल शमवण्याची ताकदही, म्हणजे बफर क्षमताही, घटते. गप्प बसलेले असताना सुटणाऱ्या लाळेत थोडाफार भार फॉस्फेट हा दुसरा क्षार उचलतो, पण तो पुरत नाही.

ही ताकद मोजण्याची प्रमाणित रीत स्वीडनच्या एरिक्सन यांनी १९५९ मध्ये दिली. चावून काढलेली १ मिलि लाळ अगदी सौम्य (०.००५ नॉर्मल) अशा ३ मिलि हायड्रोक्लोरिक आम्लात मिसळायची, वायू जाऊ द्यायचा, मग पीएच पाहायचा. तो ४ च्या खाली गेला तर बफर कमजोर. प्रवाह मोजणे याहून सोपे आहे: तासभर आधी काही खायचे-प्यायचे नाही, मान खाली घालून ५ मिनिटे लाळ मापाच्या पेल्यात गळू द्यायची. मिनिटाला ०.१ मिलिपेक्षा कमी भरली तर तोंड खरोखर कोरडे आहे. चुका नेहमीच्याच: बोलत बसणे, जोर लावून थुंकणे, फेसासकट मोजणे. फेस आला तर वजन करावे, १ ग्रॅम म्हणजे जवळपास १ मिलि. नमुना उघडा राहिला तर वायू उडतो आणि पीएच खोटा वाढलेला दिसतो.

लाळ आटण्यामागे बहुतेकदा औषधे असतात: ॲलर्जीच्या, नैराश्याच्या, रक्तदाबाच्या काही गोळ्या. मधुमेह, डोक्या-मानेच्या कर्करोगावरचे रेडिएशन आणि हेन्रिक श्योग्रेन यांनी १९३३ मध्ये मांडलेला आजार (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लाळ व अश्रूंच्या ग्रंथींवर उलटते तो) ही इतर कारणे. अशा माणसाने तोंडाला पाणी सुटावे म्हणून लिंबू किंवा आवळा कँडी चोखणे घातक आहे. आम्ल येते, शमवणारे कोणी नसते. बिनसाखरेचे च्युइंगगम बरे.

वायनरीत चव घेणाऱ्यांची गत वेगळी. वाइनचा पीएच ३ ते ४, आणि ती तोंडात घोळवली जाते. नंतर साध्या पाण्याने खळखळून चूळ भरावी, लगेच ब्रश करू नये, तासभर थांबावे. मऊ पडलेले एनॅमल घासले की झिजते. उन्हात द्राक्षबागेत राबणाऱ्याच्या शरीरातले पाणी कमी होते, लाळही कमी होते. त्यात दर तासाला गोड चहाचा घोट घेतला तर पीएच वर यायला उसंतच मिळत नाही. चहा एका बैठकीत पिऊन मधल्या वेळात पाणी प्यावे.

झोपेत लाळ जवळजवळ थांबते. म्हणून रात्रीच्या ब्रशनंतर गोड दूधही नको. फ्लोराइडची पेस्ट थुंकून टाकावी, पण वर चूळ भरू नये. दातांवर राहिलेले फ्लोराइड रात्रभर कामी येते.