आत्मसन्मान कमी नव्हताच, कमी होते ते उपचार

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या मानसिक आरोग्याची चर्चा निघाली की चार बाहुल्यांचा तो जुना प्रयोग बहुतेक वेळा पुढे येतो. केनेथ क्लार्क आणि मेमी फिप्स क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने तो केला आणि १९४७ साली त्याचे तपशीलवार निष्कर्ष प्रसिद्ध केले. तीन ते सात वर्षांच्या २५३ कृष्णवर्णीय मुलांपुढे एकाच साच्यातल्या चार बाहुल्या ठेवण्यात आल्या. दोन तपकिरी वर्णाच्या व काळ्या केसांच्या होत्या, तर दोन गोऱ्या व पिवळ्या केसांच्या. मग एकामागून एक विनंत्या करण्यात आल्या : तुला खेळायला आवडेल ती बाहुली दे, चांगली बाहुली दे, वाईट दिसते ती दे, छान रंगाची दे. त्यानंतर रंग आणि वंश ओळखता येतो का, हे तपासणारे प्रश्न येत, आणि अगदी शेवटची विनंती असे ती ‘तुझ्यासारखी दिसणारी बाहुली दे’ ही.

सुमारे दोन तृतीयांश मुलांनी खेळायला गोरी बाहुली मागितली आणि ५९ टक्के मुलांनी वाईट दिसणारी म्हणून तपकिरी बाहुली उचलली. शेवटच्या विनंतीपाशी काही मुले रडू लागली, काही खोलीबाहेर पळून गेली. प्रश्नांचा क्रम मुद्दाम असा ठेवलेला होता, कारण आधी स्वतःशी जुळणारी बाहुली निवडायला लावली असती तर पुढच्या आवडीनिवडीवर तिची छाया पडली असती. पण त्यामुळेच, ज्या बाहुलीला नुकतेच वाईट म्हटले तीच आपल्यासारखी आहे, हे कबूल करण्याची वेळ त्या लेकरांवर आली. आजच्या कोणत्याही नैतिकता समितीने हा क्रम बिनतक्रार मंजूर केला असता, असे वाटत नाही.

विभक्त शाळांविरुद्धच्या कायदेशीर लढाईत या निष्कर्षांचे वजन मोठे ठरले. १७ मे १९५४ रोजी ‘ब्राऊन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन’ खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वर्णानुसार वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या, तेव्हा निकालपत्राच्या अकराव्या तळटीपेत केनेथ क्लार्क यांच्या कामाचा पहिला उल्लेख होता. अशा विभक्ततेमुळे मुलांच्या मनात न्यूनत्वाची भावना निर्माण होते आणि ती कदाचित कधीच पुसली जाणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. निकाल न्याय्य होता यात शंका नाही. मात्र त्याच्यासोबत एक समजूतही लोकांच्या मनात पक्की झाली : कृष्णवर्णीय माणूस आतून स्वतःचा तिरस्कार करतो. पुढच्या काही दशकांत संशोधकांनी आत्मसन्मान प्रत्यक्ष मोजायला घेतला, तेव्हा ही समजूत टिकली नाही.

खरे तर तिच्यातील अडचण मूळ आकडेवारीतच दिसत होती. क्लार्क दांपत्याने दक्षिणेतील आर्कान्सासच्या विभक्त शाळांमधील आणि मॅसॅच्युसेट्सच्या स्प्रिंगफिल्डमधील मिश्र शाळांमधील मुलांची तुलना केली होती. गोऱ्या बाहुलीकडे ओढा उत्तरेतील, मिश्र शाळेतील मुलांमध्ये काहीसा अधिक आढळला होता. म्हणजे बाहुलीची निवड केवळ शाळेच्या भिंतींवर अवलंबून नव्हती. शिवाय तपकिरी बाहुल्या त्या काळी दुकानांत क्वचितच दिसत; बाहुली म्हणजे गोरी, हेच त्या मुलांच्या डोळ्यांना सवयीचे होते. समाज कोणत्या रंगाला चांगले म्हणतो, हे तीन वर्षांच्या मुलालाही कळते, एवढे या प्रयोगाने निर्विवाद दाखवले. पण समाजाचे मत ठाऊक असणे आणि ते स्वतःला लावून घेणे यांत अंतर असते, आणि ते अंतर मोजण्याचे साधन तेव्हा हाताशी नव्हते.

ते साधन समाजशास्त्रज्ञ मॉरिस रोझेनबर्ग यांनी १९६५ साली दिले. त्यांची दहा विधानांची प्रश्नावली आजही जगभर वापरली जाते. ‘माझ्यात काही चांगले गुण आहेत’ किंवा ‘एकूण पाहता मी स्वतःवर समाधानी आहे’ अशा आशयाच्या विधानांशी आपण कितपत सहमत आहोत, एवढेच त्यात सांगायचे असते. रोझेनबर्ग आणि रॉबर्टा सिमन्स यांनी बाल्टिमोरमधील सुमारे दोन हजार शाळकरी मुलांचा अभ्यास केला, तेव्हा कृष्णवर्णीय मुलांचा आत्मसन्मान गोऱ्या मुलांपेक्षा कमी नव्हता; उलट किंचित अधिकच होता. एखाददुसऱ्या शहरापुरता हा अपवाद असेल, अशी शंका २००० साली मिटली. बर्नाडेट ग्रे-लिटल आणि ॲडम हॅफडाल यांनी तोवर झालेल्या अभ्यासांतील २६१ तुलना एकत्र केल्या. त्यांत पाच लाखांहून अधिक व्यक्तींची माहिती होती. कृष्णवर्णीयांचा सरासरी आत्मसन्मान गोऱ्यांपेक्षा थोडा जास्त निघाला. फरक लहान होता, परंतु त्याची दिशा अपेक्षेच्या नेमकी उलट होती.

हे घडते कसे, याचे एक स्पष्टीकरण मानसशास्त्रज्ञ जेनिफर क्रॉकर आणि ब्रेंडा मेजर यांनी १९८९ साली मांडले. ज्यांच्या गटाला समाज हिणवतो, त्यांच्याकडे स्वतःला सावरण्याचे काही मार्ग असतात : मिळालेल्या वाईट वागणुकीचे कारण समोरच्याच्या पूर्वग्रहात शोधणे, स्वतःची तुलना आपल्याच गटातील माणसांशी करणे, आणि ज्या क्षेत्रात आपल्याला मान मिळत नाही त्या क्षेत्राला फारसे महत्त्व न देणे. यांतल्या पहिल्या मार्गाची परीक्षा दोन वर्षांनी एका प्रयोगात झाली. कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला सांगण्यात आले की शेजारच्या खोलीत एक गोरा विद्यार्थी आहे आणि तो तुझे लेखी आत्मवर्णन वाचून तुझ्याविषयी मत देणार आहे. दोन खोल्यांच्या मध्ये एकतर्फी आरसा होता. काहींच्या वेळी त्यावरचा पडदा वर होता, म्हणजे पलीकडच्याला आपण दिसतो आहोत हे विद्यार्थ्याला माहीत होते. इतरांच्या वेळी तो खाली सोडलेला होता. प्रतिकूल मत आले तेव्हा पडदा खाली असलेल्यांचा आत्मसन्मान घसरला. पडदा वर असलेल्यांनी ते मत पूर्वग्रहाच्या खात्यात टाकले आणि त्यांच्या आत्मसन्मानाला फारसा धक्का बसला नाही.

या प्रयोगाचा दुसरा निष्कर्ष मला अधिक महत्त्वाचा वाटतो, जरी त्याची चर्चा कमी होते. पडदा वर असताना अनुकूल मत मिळाले, तर त्या विद्यार्थ्यांचा आत्मसन्मान वाढण्याऐवजी घटला. ही स्तुती खरी आहे, की मी कृष्णवर्णीय आहे म्हणून दाखवलेला शिष्टाचार आहे, हे त्यांना ठरवता येईना. पूर्वग्रहाचा विचार सतत जागा ठेवावा लागतो तेव्हा निंदेपासून संरक्षण मिळते खरे, पण कौतुकाचा आनंदही संशयाने पोखरला जातो. वर्णभेदाची ही किंमत कोणत्याही प्रश्नावलीच्या एकूण गुणांत दिसत नाही.

सांस्कृतिक अभिमानाचा विषय येथून सुरू होतो. १९६० च्या दशकात ‘ब्लॅक इज ब्युटिफुल’ ही घोषणा रस्त्यावर आली, रसायनांनी सरळ केलेल्या केसांऐवजी नैसर्गिक कुरळे केस अभिमानाने मिरवले जाऊ लागले, आणि १९६८ साली कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञांनी सॅन फ्रान्सिस्कोत स्वतःची स्वतंत्र संघटना स्थापन केली. गोऱ्यांच्या मोजपट्टीने आम्हाला मोजून आमच्यातील उणिवा शोधत बसू नका, असे त्यांचे म्हणणे होते. (या अस्मितेचे पडसाद मुंबईतही उमटले. ब्लॅक पँथर चळवळीपासून प्रेरणा घेऊन १९७२ साली स्थापन झालेली दलित पँथर हे त्याचे ठळक उदाहरण. जोतीराव फुले यांनी तर त्याच्या ९९ वर्षे आधी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या सदाचारी लोकांना अर्पण केले होते.)

मानसशास्त्रज्ञ विल्यम क्रॉस यांनी जुन्या संशोधनाची फेरतपासणी करून एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली : स्वतःविषयीची भावना आणि स्वतःच्या गटाविषयीची भावना ही दोन वेगळी मोजमापे आहेत, आणि बाहुल्यांच्या प्रयोगात फक्त दुसरीच मोजली गेली होती. एखादा माणूस स्वतःवर खूश असूनही आपल्या समाजाविषयी उदासीन असू शकतो, किंवा समाजाचा कट्टर अभिमानी असूनही स्वतःविषयी साशंक असू शकतो. मिशिगन विद्यापीठातील रॉबर्ट सेलर्स यांनी ही उकल आणखी पुढे नेली. माझ्या ओळखीत वंशाला किती मध्यवर्ती स्थान आहे, माझ्या समाजाविषयी मला स्वतःला काय वाटते, आणि इतर लोक माझ्या समाजाला कसे लेखतात असे मला वाटते, हे त्यांनी स्वतंत्रपणे मोजले. आपल्या समाजाविषयी चांगले मत असणाऱ्यांमध्ये मानसिक स्वास्थ्य बरे असते, असे अनेक अभ्यासांत दिसले. चकित करणारी बाब तिसऱ्या मोजमापाची होती. जग आपल्या समाजाला कमी लेखते, हे ओळखून असलेल्या किशोरवयीन मुलांवर भेदभावाच्या अनुभवाचा मानसिक आघात तुलनेने कमी झाला. ज्यांनी जगाकडून बऱ्या वागणुकीची आशा धरली होती, ती मुले त्याच अनुभवाने अधिक हादरली.

घरातील शिकवणुकीच्या अभ्यासांतूनही अभिमान आणि सावधगिरी यांचे परिणाम सारखे नसल्याचे दिसते. पूर्वजांचा इतिहास, सण, संगीत, थोर व्यक्ती यांची ओळख करून देणारी शिकवण मुलांच्या आत्मसन्मानाशी बऱ्यापैकी सातत्याने जोडलेली आढळते. पोलिसांनी थांबवले तर हात कुठे ठेवायचे, दुकानात कसे वागायचे, अशी भेदभावाला तोंड देण्याची तयारी करून घेणारी शिकवण आवश्यक असली तरी तिच्या परिणामांविषयीचे निष्कर्ष संमिश्र आहेत. आणि इतर वंशांच्या लोकांवर विश्वासच ठेवू नका, एवढाच संदेश मिळत राहिला तर त्याचे परिणाम अनेकदा वाईट दिसतात. अर्थात यातील बहुतेक अभ्यास सहसंबंध दाखवतात. अभिमानामुळे मन निरोगी राहते, की निरोगी मनाच्या मुलाला अभिमान बाळगणे सोपे जाते, हे त्यांवरून छातीठोकपणे सांगता येत नाही.

अभिमानाची आणखी एक बाजू आहे आणि ती शरीरावर उमटते. साथरोगतज्ज्ञ शर्मन जेम्स यांना १९७८ साली नॉर्थ कॅरोलायनातील एक निवृत्त कृष्णवर्णीय शेतकरी भेटला. अत्यंत गरीब कुटुंबात जन्मलेला हा माणूस स्वतःच लिहाय-वाचायला शिकला होता, आणि चाळीस वर्षांत फेडायचे कर्ज रात्रंदिवस राबून पाच वर्षांत फेडून पंचाहत्तर एकर जमिनीचा मालक झाला होता. पन्नाशी सरता सरता मात्र त्याला उच्च रक्तदाब आणि संधिवात जडला होता, आणि व्रणांमुळे जठराचा सुमारे ४० टक्के भाग काढून टाकावा लागला होता. त्याचे नाव लोककथेतील जॉन हेन्री या कामगाराशी जुळणारे होते. वाफेच्या यंत्राशी घणाने स्पर्धा करून जिंकलेला आणि जिंकताच कोसळून मेलेला तो जॉन हेन्री. प्रतिकूल परिस्थितीवर केवळ कष्टाने मात करण्याच्या या वृत्तीला जेम्स यांनी ‘जॉन हेन्रीइझम’ म्हटले. साधनसामग्री तुटपुंजी असताना ही वृत्ती तीव्र असेल तर रक्तदाब वाढलेला आढळतो, असे त्यांच्या अभ्यासांत दिसले. कृष्णवर्णीय स्त्रीने सगळ्यांचा भार वाहावा आणि कधी खचू नये, या अपेक्षेबद्दलही अलीकडचे संशोधन हाच इशारा देते. कणखरपणाचा गौरव करणाऱ्या समाजात ‘मला झेपत नाही’ हे वाक्य उच्चारणे फार कठीण होऊन बसते.

आता प्रत्यक्ष आजाराकडे वळू. २००१ ते २००३ या काळात जेम्स जॅक्सन यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात ३,५७० आफ्रिकन-अमेरिकन, १,६२१ कॅरिबियन वंशाचे कृष्णवर्णीय आणि ८९१ गोरे यांच्या मुलाखती झाल्या. आयुष्यात कधी ना कधी तीव्र नैराश्य आलेल्यांचे प्रमाण गोऱ्यांमध्ये १७.९ टक्के, कॅरिबियन कृष्णवर्णीयांमध्ये १२.९ टक्के आणि आफ्रिकन-अमेरिकनांमध्ये १०.४ टक्के होते. दारिद्र्य आणि भेदभाव अधिक, तरीही नैराश्य कमी, हे कोडे संशोधक अजून सोडवत आहेत. चर्च, विस्तारित कुटुंब आणि वर वर्णन केलेला अभिमान यांचा त्यात वाटा असू शकतो. दुसरीकडे, घरोघर जाऊन केलेल्या अशा सर्वेक्षणात तुरुंगातली आणि बेघर माणसे सुटून जातात, हेही विसरता येत नाही.

मात्र त्याच सर्वेक्षणातील पुढचा आकडा वाचल्यावर समाधान मानण्याचे कारण उरत नाही. नैराश्य आलेल्या गोऱ्यांपैकी ३८.६ टक्के लोकांचा आजार चिवट, दीर्घकाळ रेंगाळणारा होता. आफ्रिकन-अमेरिकनांमध्ये हे प्रमाण ५६.५ टक्के होते. त्यांच्यापैकी उपचार मिळालेल्यांचे प्रमाण निम्म्याहूनही कमी, ४५ टक्के होते, आणि कॅरिबियन कृष्णवर्णीयांमध्ये तर ते २४.३ टक्क्यांवर होते. आजार कमी जणांना गाठतो, पण ज्यांना गाठतो त्यांना सहजासहजी सोडत नाही.

लोक दवाखान्याची पायरी का चढत नाहीत, याचे उत्तर केवळ लाज किंवा अज्ञान यांत शोधणे अन्यायाचे ठरेल. १८५१ साली सॅम्युअल कार्टराइट या डॉक्टरने गुलामाने पळून जाणे हाच एक मानसिक रोग असल्याचे मांडले होते. अलाबामा राज्यातील टस्कीगीत १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे सिफिलिस हा लैंगिक संसर्गाचा रोग झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना सरकारी अभ्यासासाठी उपचारांविना ठेवण्यात आले. आजही सारखीच लक्षणे असताना कृष्णवर्णीय रुग्णाच्या माथी स्किझोफ्रेनिया या भास-भ्रम होणाऱ्या गंभीर आजाराचे निदान अधिक वेळा मारले जाते आणि त्याचे नैराश्य नजरेतून निसटते, हे अनेक अभ्यासांत आढळले आहे. लोकसंख्येत सुमारे १३ टक्के असलेल्या या समाजाचा मानसशास्त्रज्ञांमधील वाटा पाच टक्क्यांच्या आसपास आहे. मुलांची परिस्थिती अधिक काळजीची आहे : २००१ ते २०१५ या काळातील नोंदींनुसार पाच ते बारा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांमधील आत्महत्येचा दर त्याच वयाच्या गोऱ्या मुलांच्या जवळजवळ दुप्पट होता, आणि वयाने मोठ्यांमधील दिलासादायक आकड्यांमुळे ही गोष्ट बराच काळ झाकली गेली.

अलीकडे काही प्रयत्न विश्वासाच्या ठिकाणांपासून सुरू होतात, आणि मला तरी ही दिशा योग्य वाटते. लॉस एंजेलिसमध्ये केशकर्तनालयांतच औषधतज्ज्ञांनी रक्तदाबावर उपचार केले, तेव्हा २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत कृष्णवर्णीय पुरुषांचा वरचा रक्तदाब सहा महिन्यांत सरासरी २७ अंकांनी उतरला. तुलनेच्या गटात ही घट नऊच्या आसपास होती. याच धर्तीवर आर्कान्सासमध्ये सुरू झालेला ‘द कन्फेस प्रोजेक्ट’ केशकर्तनकारांना गिऱ्हाइकाच्या बोलण्यातील नैराश्याच्या खुणा ओळखायला, ऐकून घ्यायला आणि योग्य ठिकाणी पाठवायला शिकवतो. खुर्चीत बसलेला माणूस तिथे मोकळेपणाने बोलतो, कारण समोरच्याला तो वर्षानुवर्षे ओळखतो. पण रक्तदाबाच्या त्या प्रयोगात औषध देणारा तज्ज्ञ दुकानातच हजर होता. नैराश्याच्या बाबतीत केशकर्तनकाराने पुढे पाठवलेल्या माणसाला परवडेल आणि समजून घेईल असा तज्ज्ञ त्या वस्तीत मिळायला हवा, आणि बहुतेक वस्त्यांत तो अजून मिळत नाही.