कच्चं लिंबू नको, पक्का गडी हवा

पकडापकडीचा डाव रंगलेला असतो. चाकाच्या खुर्चीतल्या मुलीलाही खेळात घेतलेलं असतं, पण कच्चं लिंबू म्हणून. तिला कोणी बाद करत नाही, तिच्यावर कधी राज्य येत नाही. बघणाऱ्या मोठ्यांना बरं वाटतं. तिला मात्र पक्कं ठाऊक असतं की आपण हरू शकत नाही, म्हणजे आपण खेळतच नाही.

गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये पूर्वग्रह कसे ओसरतात याचा विचार मांडला. दोन गटांतली माणसं बरोबरीच्या नात्याने एकत्र आली, दोघांचं ध्येय एक असलं, ते गाठायला एकमेकांची गरज पडली आणि वडीलधाऱ्यांचा या सगळ्याला पाठिंबा असला, तर मनं लवकर जुळतात. पुढे २००६ मध्ये थॉमस पेटिग्र्यू आणि लिंडा ट्रॉप या मानसशास्त्रज्ञांनी ५१५ अभ्यास एकत्र तपासले. त्यांत अपंगत्वाविषयीचेही होते. नुसत्या सहवासानेही पूर्वग्रह साधारणपणे कमी होतो, पण या अटी पाळल्या तर जास्त, असं त्यांना दिसलं. कच्च्या लिंबाच्या बाबतीत पहिलीच अट मोडते.

म्हणून मुलापेक्षा खेळ बदलावा, असं मला ठामपणे वाटतं. गोलबॉल हा खेळ १९४६ मध्ये युद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी तयार झाला. चेंडूत घुंगरं असतात आणि प्रत्येक खेळाडूच्या डोळ्यांवर पट्टी असते, थोडंफार दिसणाऱ्याच्याही. चेंडू कानांनी टिपायचा असल्यामुळे डाव चालू असताना प्रेक्षकही गप्प बसतात. हेच साध्या खेळांत आणता येतं. चेंडू प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळला की तो सळसळत येतो. वाळूत चाकं रुततात, तेव्हा डाव टणक जमिनीवर हलवायचा. हाताने शिवण्याऐवजी मऊ चेंडू मारून बाद करायचं ठरलं, तर खुर्चीतली मुलगी राज्य घेऊ शकते आणि भल्याभल्यांना पळवते. नियम मुलांनाच ठरवू द्यावेत. ती आपल्यापेक्षा जास्त युक्त्या काढतात, भांडतात आणि भांडता भांडता तोडगाही काढतात.

प्रत्येक मूल लगेच घोळक्यात शिरेल असं नाही. मिल्ड्रेड पार्टेन या अमेरिकी संशोधिकेने १९३२ मध्ये लहान मुलांच्या खेळाचे प्रकार नोंदवले. शेजारी बसून, सारख्याच वस्तूंशी, पण आपापलं खेळणं हा त्यांतला एक. अनेक मुलं याच वाटेने हळूहळू एकत्र खेळायला लागतात. स्वमग्न मुलाला तर हा शेजारच पुरेसा आणि सुखाचा असू शकतो. त्याला ओढून रिंगणात उभं करू नये.

मोठ्यांच्या अति काळजीचाही अडथळा होतो. मायकेल जिआनग्रेको आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये अमेरिकेतल्या वर्गांतली निरीक्षणं प्रसिद्ध केली. अपंग मुलाच्या मदतीला दिलेला मदतनीस सतत त्याला चिकटून राहिला, तर वर्गमित्र त्या मुलाच्या जवळ येईनासे होतात. सुरुवात करून द्यावी, अडलं तर हात द्यावा आणि चार पावलं मागे सरावं.

आणि एखाद्याने मोठ्याने विचारलं, ‘हा बोलत का नाही?’ तर त्याला दटावू नये. सरळ सांगावं: ‘तो चित्रांवर बोट ठेवून सांगतो. राज्य कोणावर ते त्याला विचार, आणि उत्तर द्यायला थोडा वेळ दे.’