बैठकांनी मांडीची मागची बाजू का भरत नाही?

कबड्डी खेळणाऱ्या मुलांशी बोलताना एक समजूत हमखास कानावर येते: बैठका किंवा वजन घेऊन स्क्वॉट नेटाने मारले, की मांडी पुढून-मागून सारखीच भरते. पुढच्या बाजूपुरते हे खरे आहे. मागच्या बाजूच्या हॅमस्ट्रिंग स्नायूंना मात्र ते लागू पडत नाही, आणि त्याचे कारण इतके सुंदर आहे की ते सविस्तर सांगितल्यावाचून राहवत नाही.

खुर्चीवर बसून गुडघ्याच्या मागे दोन्ही कडांना बोटे ठेवा आणि टाच जमिनीवर दाबून मागे ओढा. आतल्या आणि बाहेरच्या कडेला सुंभाच्या दोरीसारख्या ताठ कंडरा बोटांना लागतील. त्या ज्या स्नायूंच्या आहेत, त्यांपैकी सेमिटेंडिनोसस, सेमिमेम्ब्रेनोसस आणि बायसेप्स फिमोरिसचे लांब शीर (शीर म्हणजे येथे रक्तवाहिनी नव्हे, तर स्नायूच्या दोन उगमांपैकी एक भाग) हे तिघे आपण ज्या हाडावर बसतो तेथून निघून गुडघ्याच्या खाली जाऊन चिकटतात. म्हणजे ते कंबरेखालचा खुब्याचा सांधा आणि गुडघा असे दोन सांधे ओलांडतात. बायसेप्स फिमोरिसचे आखूड शीर मात्र मांडीच्या हाडापासूनच सुरू होते, त्यामुळे त्याचा संबंध फक्त गुडघ्याशी येतो.

आता बैठक मारताना काय होते ते पाहू. खाली जाताना खुबा वाकतो आणि या स्नायूंचे वरचे टोक ताणले जाते. पण त्याच वेळी गुडघाही वाकतो आणि खालचे टोक सैल पडते. एकीकडून जितके ओढले जाते, जवळजवळ तितकेच दुसरीकडून सुटते, आणि स्नायूची लांबी फारशी बदलतच नाही. जपानमध्ये २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १७ पुरुषांनी १० आठवडे वजनासह स्क्वॉट केले. त्यांच्या मांडीच्या पुढच्या स्नायूंचे एकूण आकारमान सुमारे ५ टक्क्यांनी वाढले, पण हॅमस्ट्रिंगमध्ये वाढ आढळली नाही. पुढच्या बाजूचा रेक्टस फिमोरिसही दोन सांधे ओलांडतो, आणि तोही वाढला नाही, हे मला सर्वांत बोलके वाटते.

मग हा स्नायू वाढतो कशाने? स्नायुतंतूच्या आत ॲक्टिन आणि मायोसिन यांचे धागे एकमेकांवरून सरकून बल निर्माण करतात, आणि त्यांच्या जोडीला टायटिन नावाचे, सुमारे ३०,००० अमिनो आम्लांचे अवाढव्य प्रथिन स्प्रिंगसारखे बसवलेले असते. स्नायू ताणलेल्या स्थितीत असताना जोर लावला, तर धाग्यांच्या ओढीत टायटिनच्या ताणाची भर पडते. ताणाची ही जाणीव पेशीतील एमटॉर या प्रथिनाला जागे करते, रायबोसोम नवी प्रथिने घडवू लागतात, आणि तंतूला बिलगून असलेल्या सॅटेलाइट पेशी गरजेप्रमाणे आपली केंद्रके तंतूला देतात. (स्नायू दुखला म्हणजेच वाढला, ही समजूत यात कुठेच बसत नाही. पावडरच्या डब्यांच्या जाहिरातींनाही भुलू नये, कारण डाळी, दूध, अंडी यांतून पुरेशी प्रथिने मिळत असतील, तर डब्यातले प्रथिन काही वेगळे काम करीत नाही.)

लांबीचे महत्त्व २०२१ च्या आणखी एका जपानी प्रयोगात लख्ख दिसले. २० तरुणांनी १२ आठवडे एक पाय बसून आणि दुसरा पालथे झोपून, अशा दोन लेग-कर्ल यंत्रांवर (वजनाविरुद्ध गुडघा वाकवण्याच्या यंत्रांवर) कमावला. गुडघ्याची हालचाल तीच होती. फक्त बसल्यावर खुबा अधिक वाकलेला, म्हणून स्नायू अधिक ताणलेला. बसून केलेल्या पायाचे हॅमस्ट्रिंग १४ टक्के वाढले, झोपून केलेल्याचे ९ टक्के. खुब्याशी संबंध नसलेले आखूड शीर दोन्हीकडे जवळजवळ सारखेच वाढले. यापेक्षा नेटका पुरावा निसर्गाकडे मागता आला नसता.

व्यायामाची निवड येथे निर्णायक ठरते. सोबत्याने घोटे धरून ठेवायचे आणि गुडघ्यांवर बसून शरीर ताठ ठेवत सावकाश पुढे झुकायचे, या नॉर्डिक व्यायामाने मुख्यतः सेमिटेंडिनोसस आणि आखूड शीर वाढते, तर खुब्यातून वाकून वजनासह सरळ होण्याच्या व्यायामांनी लांब शीर अधिक वाढते, असे ऑस्ट्रेलियातील २०१७ च्या अभ्यासात दिसले. धावताना सर्वाधिक वेळा जायबंदी होते ते हेच लांब शीर. म्हणून कबड्डीपटूने बैठका सोडू नयेत, पण आठवड्यातून दोनदा नॉर्डिक आणि गुडघे किंचित वाकवून केलेले डेडलिफ्ट (खुब्यातून वाकून वजन उचलत सरळ होणे) यांची जोड त्यांना जरूर द्यावी.