ई-पीक पाहणी आणि मराठवाड्यातील नोंदींचे वाद

ई-पीक पाहणी म्हणजे शेतात उभ्या असलेल्या पिकाची नोंद खातेदाराने स्वतः मोबाइलवरून सातबाऱ्यावर करण्याची महाराष्ट्र शासनाची पद्धत. टाटा ट्रस्टच्या साहाय्याने तयार झालेले हे ॲप १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर वापरात आले. ‘माझी शेती, माझा सातबारा, मीच नोंदविणार माझा पीक पेरा’ हे त्याचे घोषवाक्य. त्यातल्या ‘मीच’ या शब्दावर शासनाचा भर आहे आणि मराठवाड्यातला वादही तिथूनच सुरू होतो. नोंद करणे हे इतकी वर्षे सरकारचे काम होते, ते आता शेतकऱ्याचे झाले. मग नोंद राहिली तर चूक कोणाची, हा प्रश्न विमा, दुष्काळ, अतिवृष्टी, अनुदान अशा प्रत्येक वादाच्या तळाशी सापडतो.

सातबारा म्हणजे गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२ यांचा जोड उतारा. सातमध्ये जमिनीची मालकी व हक्क, बारामध्ये पिके. बारा नंबरचे रकाने तलाठ्याने प्रत्यक्ष शेतात जाऊन भरावेत अशी जमीन महसूल कायद्याची व्यवस्था. एका सजात (तलाठ्याच्या कार्यक्षेत्रात) अनेक गावे, गावात शेकडो गट (जमिनीचे क्रमांकित तुकडे), त्यामुळे पीक पाहणी बरेचदा चावडीतच उरके. कपाशीच्या रानात ज्वारी आणि पडीक माळावर तूर लागलेली असे. त्याबद्दल लोक कुरकुरत, पण कोणी फार भांडत नसे, कारण त्या रकान्याला पैशाचे मोल नव्हते. गावाच्या नशिबाचा हिशेब पैसेवारीवर, म्हणजे गावातल्या पिकाच्या सरकारी अंदाजावर होई. पैसेवारी पन्नासच्या आत आली की शेतसाऱ्यात सूट, वीजबिलात सवलत, परीक्षा शुल्क माफ. मोर्चे निघत ते पैसेवारीवरून. पुढे २०१६ मध्ये प्रधानमंत्री पीक विमा योजना आली, अनुदाने थेट बँक खात्यात जमा होऊ लागली आणि बारा नंबरच्या ओळीला एकदम भाव आला.

ॲपवर नोंद करण्याची रीत कागदावर सोपी आहे. मोबाइल क्रमांक टाकून खातेदार निवडायचा, चार अंकी सांकेतांक घ्यायचा. मग खाते क्रमांक, गट क्रमांक, हंगाम. पीक निर्भेळ की मिश्र, क्षेत्र किती हेक्टर किती आर, पाण्याचे साधन कोणते, लागवडीची तारीख काय. शेवटी शेतात उभे राहून पिकाचा फोटो, ज्यावर अक्षांश-रेखांश आपोआप उमटतात. रेंज नसेल तर माहिती फोनमध्ये साठवून नंतर चढवता येते आणि ४८ तासांत दुरुस्तीही करता येते. शेतकऱ्यांनी केलेल्या नोंदींपैकी दहा टक्के तलाठी तपासतो, बाकीच्या स्वयंघोषणा म्हणून ग्राह्य धरल्या जातात.

प्रत्यक्षात सोयाबीन कमरेला लागलेले असते, पाऊस उघडीप देत नाही आणि ॲप ‘आपण गटापासून दूर आहात’ असे सांगत राहते. बालाघाटच्या डोंगररांगांत आष्टी-पाटोद्याकडे किंवा किनवटच्या जंगलपट्ट्यात रेंज शोधत बांधाबांधाने फिरावे लागते. मुदत संपत आली की सर्व्हरवर ताण येतो, मुदतवाढ मिळते, आणि मुदतवाढ मिळतेच हे माहीत झाल्याने पुढच्या हंगामात सगळे पुन्हा शेवटच्या आठवड्यावर येतात. बटईदाराचे दुखणे याहून खोल आहे. रान कसतो एक, सातबारा दुसऱ्याच्या नावावर आणि तो दुसरा पुण्यात नोकरीला. खातेदाराच्या नावाने फोटो काढून देणारा बटईदारच असतो, पण अनुदान उतरते मालकाच्या खात्यात. हे पूर्वीही होतेच. फरक एवढाच की आता फोटो काढण्याचे कामही बटईदाराच्याच माथी आले.

डिजिटल क्रॉप सर्व्हे या नावाने आलेल्या ॲपच्या नव्या आवृत्तीत गटाच्या ५० मीटरच्या आतून फोटो काढणे सक्तीचे झाले. शेतकऱ्यांची मुदत संपल्यावर राहिलेल्या गटांची पाहणी करण्यासाठी गावोगाव सहायक नेमले गेले. म्हणजे सरकारचे काम शेतकऱ्याकडे गेले आणि त्यातले उरलेले पुन्हा मानधनावरच्या तिसऱ्या माणसाकडे. कामाची ही विभागणी वाईट म्हणता येणार नाही. जो आपल्या शिवाराशेजारीच राहतो तो सजाभर फिरणाऱ्या तलाठ्यापेक्षा नीट पाहील, असे मानायला जागा आहे.

अनुदानाशी जोडल्यावर या नोंदीचे काय होते हे २०२४ साली दिसले. खरीप २०२३ मधल्या पडलेल्या भावाची भरपाई म्हणून कापूस आणि सोयाबीन उत्पादकांना हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, देण्याचे राज्याने ठरवले आणि ई-पीक पाहणी केलेलेच खातेदार पात्र धरले. लातूर, धाराशिव, नांदेड हा सोयाबीनचा पट्टा, परभणी-जालन्यात कापूस. नाव यादीत नाही म्हणून तलाठी कार्यालयांपुढे रांगा लागल्या. पेरा केला होता, माल आडतीवर घातला होता, विक्रीची पट्टी (पावती) खिशात होती. नव्हता तो फक्त वर्षापूर्वीचा फोटो. तो मागे जाऊन काढता येत नाही. शेवटी ऑगस्ट २०२४ मध्ये परळीच्या कृषी महोत्सवात ही अट शिथिल केल्याचे जाहीर झाले आणि सातबाऱ्यावर कापूस-सोयाबीनची नोंद असलेल्यांनाही मदतीची वाट मोकळी झाली. म्हणजे ज्या तलाठी-नोंदीवर अविश्वास दाखवून ॲप आले, निवडणुकीच्या तोंडावर तिचाच आधार घ्यावा लागला.

विम्याच्या बाबतीत घड्याळ आणखी कडक होते. २०२४ पर्यंत पाऊस, गारपीट, पूर अशा स्थानिक आपत्तीची सूचना नुकसानीपासून ७२ तासांत द्यावी लागे. त्यासाठी ॲप होते आणि १४४४७ हा फोन क्रमांक होता. पण ज्या शिवारात तीन दिवस पाणी साचले आहे तिथे वीज, चार्जिंग आणि रेंज या तिन्ही गोष्टी एकदमच जातात. खरीप २०२० मध्ये धाराशिव (तेव्हाचे उस्मानाबाद) जिल्ह्यात नेमके हेच घडले. मुदतीत सूचना न दिल्याच्या कारणावरून साडेतीन लाखांहून अधिक शेतकऱ्यांची भरपाई अडली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेले. मे २०२२ मध्ये निकाल शेतकऱ्यांच्या बाजूने लागला आणि वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. महसूल यंत्रणेने जिल्ह्यातले नुकसान आधीच नोंदवलेले असताना प्रत्येकाने ते पुन्हा मोबाइलवरून का सिद्ध करायचे, हा शेतकऱ्यांचा साधा सवाल होता.

उलटा अनुभव बीडचा. तिथे विमा कंपन्या निविदाच भरेनात, म्हणून २०२० मध्ये ‘बीड पॅटर्न’ आला. भरपाई जमा हप्त्याच्या ११० टक्क्यांवर गेली तर वरचा भार राज्याने उचलायचा, आणि ८० टक्क्यांच्या आत राहिली तर कंपनीने वीस टक्के ठेवून बाकी रक्कम राज्याला परत करायची. पुढे हे सूत्र राज्यभर गेले. २०२३ च्या खरिपात एक रुपयात पीक विमा सुरू झाला. शेतकऱ्याकडून एक रुपया, आणि अर्ज भरणाऱ्या ऑनलाइन केंद्राला कंपनीकडून अर्जामागे चाळीस रुपये. जास्त अर्ज भरण्यात कोणाचा फायदा होता हे यात उघड आहे. शासकीय जमिनीवर, देवस्थानाच्या जमिनीवर, लागवडच नसलेल्या क्षेत्रावर विमा उतरवल्याची प्रकरणे निघाली आणि त्यात बीड व परळीचे नाव विधिमंडळात वारंवार घेतले गेले. २०२५ च्या खरिपापासून एक रुपयाची योजना बंद होऊन खरिपाला दोन टक्के, रब्बीला दीड टक्के आणि नगदी पिकांना पाच टक्के हप्ता पुन्हा लागू झाला. केंद्रचालकांनी भरलेल्या खोट्या अर्जांचा दोष ‘मराठवाड्यातला शेतकरी’ या ढोबळ नावावर गेला, याचा राग अजून शमलेला नाही.

दुष्काळ ठरवण्याची पद्धतही याच काळात माणसाच्या डोळ्यांकडून उपग्रहाकडे सरकली. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेनुसार पावसाची तूट ही पहिली कळ (ट्रिगर-१), तर पिकांची हिरवाई, जमिनीतला ओलावा, जलसाठ्यांची स्थिती हे पुढचे निर्देशांक. राज्यात ही आकडेमोड ‘महामदत’ प्रणालीतून होते. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी जाहीर झालेल्या ४० दुष्काळी तालुक्यांत अंबड, भोकरदन, धारूर, वडवणी, अंबाजोगाई, रेणापूर, लोहारा असे मराठवाड्यातले तालुके होते, पण परभणी, हिंगोली आणि नांदेड जिल्ह्यांतला एकही नव्हता. बांधाच्या अलीकडे दुष्काळ आणि पलीकडे सुकाळ, असे चित्र कोणाला पटेना. दहाच दिवसांत राज्याने १,०२१ महसूल मंडळांत (तालुक्याखालच्या गावगटांत) ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ जाहीर केली. उपग्रहाला हिरवे दिसले ते रान माणसाला करपलेले दिसले तर ऐकायचे कोणाचे, याचे उत्तर संहितेत क्षेत्रीय पडताळणीच्या रूपाने आहे, पण ती पडताळणीही ॲपवरूनच होते.

अतिवृष्टीचे तसेच. मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला तर अतिवृष्टी. तो मोजते मंडळाच्या गावातले स्वयंचलित हवामान केंद्र. केंद्र एका गावात आणि ढग दुसऱ्याच गावावर फुटला तर मंडळ कोरडेच ठरते.

या सगळ्या नोंदी आणि मुदती लोकांपर्यंत पोहोचतात त्या मात्र सरकारी पत्रकांतून नव्हे. १९६८ साली सुरू झालेले परभणी आकाशवाणी केंद्र आणि परभणीचे कृषी विद्यापीठ हे एके काळी शेतीसल्ल्याचे ठरलेले रस्ते होते. आता सकाळी पारावर यूट्यूब उघडते. विम्याची यादी आली, अनुदानाचा हप्ता पडला, केवायसीची शेवटची तारीख, अशा मथळ्यांवर चालणाऱ्या वाहिन्या शासन निर्णयाआधी बातमी देतात आणि त्यातली निम्मी खरी निघते. हवामानात तर समांतर सत्ताच उभी राहिली. परभणी जिल्ह्यातले पंजाबराव डख यांचे अंदाज मोबाइलवरून इतके पसरले की पेरणी कधी करायची हे पुष्कळ ठिकाणी त्यावर ठरू लागले. २०२४ ची लोकसभा निवडणूकही त्यांनी परभणीतून लढवली. हवामानशास्त्रज्ञांनी अशा खासगी अंदाजांच्या शास्त्रीय आधाराबद्दल हरकत घेतली. पण भारतीय हवामान विभाग जिल्ह्याचा अंदाज देतो, ‘ठिकठिकाणी’, ‘तुरळक’ अशा शब्दांत. ज्याला उद्या तिफण धरायची आहे त्याला तारीख हवी असते. अंदाजाच्या अचूकतेइतकाच हा भाषेचा आणि पोहोचण्याचा प्रश्न आहे, आणि तिथे सरकारी खाते मागे पडले हे मान्य करावे लागते.

मोबाइलवर इतके काही अवलंबून असताना तोच बंद करण्याची वेळही येथे आली. १ सप्टेंबर २०२३ रोजी जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या उपोषणस्थळी लाठीमार झाला. त्याची दृश्ये काही तासांत राज्यभर गेली आणि एका गावातले आंदोलन राज्याचे झाले. ऑक्टोबरअखेर बीड, माजलगावात जाळपोळ झाल्यावर संचारबंदीबरोबर इंटरनेटही थांबवण्यात आले. फेब्रुवारी २०२४ मध्ये जालना, बीड आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांत ते पुन्हा काही तास बंद राहिले. अशी बंदी त्या वेळी २०१७ च्या दूरसंचार सेवा निलंबन नियमांखाली होत असे. आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत आणि ते गरजेपुरतेच असावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने काश्मीरमधल्या इंटरनेटबंदीवरच्या अनुराधा भसीन प्रकरणात १० जानेवारी २०२० रोजी सांगितले. त्याच वर्षी एका आदेशाला पंधरा दिवसांची कमाल मर्यादा आली. निजामी राजवटीत सभा-संमेलनांना परवानगीच्या बेडीत अडकवणाऱ्या ‘गश्ती निशाण ५३’ची आठवण जुन्या लोकांना यामुळे होते. साम्य फार ताणू नये, कारण तेव्हा न्यायालयात जायची सोय नव्हती. मात्र गश्तीने सभा थांबे, बाजार थांबत नसे. इंटरनेटबंदीत आडतीवरचे ऑनलाइन पैसे, केंद्रावरचे अर्ज आणि शेतातला फोटो हे सगळे एकदम थांबते. विमा कंपनीला फोन लागतो, पण फोटो चढत नाही.

याच आंदोलनातून जुन्या नोंदींचा शोध सुरू झाला. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने निजामकालीन दप्तरांतून कुणबी नोंदी शोधायला घेतल्या. मोडी आणि उर्दू वाचणारे जाणकार अचानक तहसील कार्यालयांना हवेसे झाले. सापडलेली पाने स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढली आणि घराघरांत मोबाइलवर पणजोबांचे नाव शोधणे चालू झाले. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने निजामकालीन हैदराबाद गॅझेटियरचा आधार मान्य केला. त्याला इतर मागासवर्गीय संघटनांनी विरोध केला आणि वाद न्यायालयात गेला. येथेही प्रश्न नोंदीचाच. कोणाच्या गावचे दप्तर वाळवीने खाल्ले आणि कोणाचे शाबूत राहिले, यावर दाखला ठरू लागला.

सप्टेंबर २०२५ मध्ये सिंदफणा, मांजरा, तेरणा, गोदावरी या नद्यांनी काठची रानेच खरडून नेली तेव्हा फोटोचा नियम उलटा फिरला. पंचनाम्याचा पथकवाला येईपर्यंत न थांबता शेतकऱ्याने मोबाइलवर काढलेले फोटोही ग्राह्य धरू, असे सरकारला जाहीर करावे लागले. ऑक्टोबरमध्ये ३१,६२८ कोटी रुपयांचे पॅकेज आले. तोवर नदीकाठच्या गावांतून गळ्याइतक्या पाण्यातले, मेलेल्या जनावरांचे, माती वाहून उघड्या पडलेल्या खडकाचे व्हिडिओ दिवसरात्र फिरत होते आणि मंत्र्यांचे दौरे बरेचसे त्याच गावांकडे वळत होते. ज्या वस्तीवर व्हिडिओ काढणारे पोरगे नव्हते तिथे पथक उशिरा गेले, ही तक्रार तेव्हा सगळीकडे ऐकू येई.

१५ एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी ॲग्रिस्टॅक या शेतकऱ्यांच्या डिजिटल नोंदप्रणालीचा शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला असून विम्यालाही तो आणि ई-पीक पाहणी दोन्ही लागतात. हा क्रमांक सातबाऱ्यावरील नावाला जोडलेला असतो. बटईने किंवा ठोक्याने रान करणाऱ्याला, तसेच वाटणीची नोंद न झालेल्या कुटुंबातल्या विधवेला तो मिळवण्यासाठी आधी फेरफाराच्या, म्हणजे सातबाऱ्यावरील हक्कबदलाच्या दारात उभे राहावे लागते, आणि फेरफाराची नोंद अजूनही तलाठ्याच्याच हातात आहे.