आठवडा बाजार (कोकण)

ठरलेल्या गावी, ठरलेल्या वारी उघड्यावर भरणारा बाजार. सावंतवाडीला मंगळवार, कुडाळला बुधवार, खाली गोव्यात म्हापशाला शुक्रवार, असे वार वाटून घेतलेले, म्हणजे फिरता विक्रेता एकेक गाव करत आठवडा काढतो. स्थानिक अन्न, थेट शेतकऱ्याकडून खरेदी वगैरे विषय निघाला की हल्ली याच बाजाराचं नाव पहिलं घेतात. ते अर्धंच बरोबर आहे.

उगम : यावर एकमत नाही. एक मत असं की हे बाजार देवस्थानं आणि जत्रांच्या आधाराने वाढले आणि मराठेशाहीत पेठा वसवल्या गेल्या तेव्हा शेटे-महाजनांच्या, म्हणजे पेठेचा कारभार पिढीजात हक्काने बघणाऱ्यांच्या, वतनाखाली आले. दुसरं मत वाहतुकीचं. भरतीचं पाणी खाडीत जिथवर चढतं तिथवर गलबत येणार, पुढे माल बैलाच्या पाठीवर घाट चढणार, मग जिथे माल उतरतो तिथेच पेठ बसणार. सावित्रीवरचं महाड, वाशिष्ठीवरचं चिपळूण, अर्जुनेवरचं राजापूर, विजयदुर्ग खाडीच्या वरच्या टोकाचं खारेपाटण, ही गावं नकाशावर बघितली तर हे दुसरं मत जास्त पटतं, निदान मोठ्या पेठांपुरतं तरी. काहीजण याहून मागे जातात आणि शिलाहार राजा रट्टराजाच्या खारेपाटण ताम्रपटाचा (शके 930, इ.स. 1008) दाखला देतात, पण त्यात बाहेरून येणाऱ्या जहाजांवरच्या सोन्याच्या कराचा उल्लेख आहे, त्यातून बंदराचा व्यापार कळतो, भाजी-तांदळाच्या बाजाराचं काही सिद्ध होत नाही. मराठेशाहीतली फसकी, म्हणजे विकायला आलेल्या धान्यातून हक्काने उचलायची मूठ, ही जास्त कामाची खूण, कारण ती बाजारात बसणाऱ्या माणसाशी जोडलेली आहे. आता ग्रामपंचायत नाहीतर नगरपरिषद बसायच्या जागेची पावती फाडते.

वार का वाटलेले असतात याचं उत्तर अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ विल्यम स्किनर यांनी 1964-65 साली चीनमधल्या सिचुआनच्या बाजारांवरून दिलं होतं : एका गावाची मागणी रोजच्या दुकानाला पुरत नाही, मग दुकानच गावोगाव फिरतं. वाड्या-वाड्यांत विखुरलेल्या कोकणाला हे बऱ्यापैकी लागू पडतं.

स्वरूप : खरं म्हणजे एकाच जागी दोन बाजार असतात. ताडपत्रीखाली काटा लावून बसलेला एक, त्यातली कोबी, टोमॅटो, कांदे-बटाटे बहुतेक घाटावरून, कोल्हापूर-बेळगावकडून आलेले. दुसरा त्याच्या कडेला, जमिनीवर गोणपाट टाकून बसलेल्या बायकांचा, त्यांच्याकडे काटा नाही, वाटे लावलेले, आणि समोर जे आहे ते परसातलं, वाडीतलं नाहीतर रानातलं. स्थानिक अन्न म्हणून ज्याचं कौतुक होतं ते हे, आणि बाजाराच्या एकूण उलाढालीत हाच भाग छोटा.

या वाट्यांवरून महिना ओळखता येतो. पावसाच्या तोंडाला रायगड-ठाणे-पालघरकडे कातकरी-ठाकूर बायका शेवळं ही रानभाजी आणतात. शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे बारीक स्फटिक असतात, त्याने घसा खाजतो, म्हणून शेजारीच काकडं ठेवलेली असतात, या आंबट फळांचा रस घातला की खाज मारली जाते (काकडं नसतील तर चिंच). मग टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी, फागलं या रानभाज्या. गणपतीच्या आधीच्या बाजारात तळकोकणात माटवीला (गणपतीच्या वर टांगायच्या चौकटीला) बांधायचं कवंडळ, हरणं वगैरे येतं, तेव्हा गर्दी विचारू नका. भात कापल्यावर वाल आणि कुळीथ, अलिबागकडे पांढरा कांदा. मे महिन्यात आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, खरेदी : सुके बोंबील, जवळा, सोडे, आमसुलं, मिरच्या. सरकारी मासेमारीबंदी 1 जून ते 31 जुलै असते त्यामुळे ही बेगमी अजून टिकून आहे.

पर्यावरण : माल जवळचा म्हणून प्रदूषण कमी, हे वाक्य सगळीकडे असतं, पण ते जपून घ्यावं. वेबर आणि मॅथ्यूज या संशोधकांनी 2008 साली अमेरिकेतल्या अन्नाचा हिशोब मांडला त्यात हरितगृह वायूंमध्ये सगळ्या वाहतुकीचा वाटा 11 टक्के निघाला आणि शेतातून दुकानापर्यंतच्या टप्प्याचा फक्त 4, बाकी बहुतेक उत्पादनातच. तो हिशोब अमेरिकेचा, तसाच्या तसा इथे लावू नये, पण दिशा कळते. शिवाय पाणी साचलेल्या भातखाचरातून मिथेन निघतो, मग तांदूळ शेजारच्या शेतातला का असेना.

फायदा आहे तो पीकपद्धतीत. वाल, कुळीथ भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर येतात, वर नत्रही धरतात, कोकमाच्या झाडाला पंप लागत नाही. शहरात गिऱ्हाईक नसलेले गावठी तांदूळ, लाल उकडा, याच बाजारात खपतात म्हणून कोणीतरी त्यांचं बी जपून ठेवतं. वाट्याला पॅकिंग नाही, शीतगृह नाही. रानभाजीबद्दल मात्र सावध असावं : शेवळं फूल उमलायच्या आत खुडतात, तेव्हा बी धरत नाही, कंद राहतो म्हणून निभावतं. मागणी वाढली की निभावेलच असं नाही.

समाज : वाट्याचे पैसे त्याच दिवशी रोख, आणि बाईच्या हातात, मधे दलाल नाही. हापूसचं उलट. त्याला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं तरी चांगली पेटी वाशीच्या घाऊक बाजारालाच जाते, बऱ्याचदा दलालाची उचल आधीच घेतलेली असते, आणि गावच्या बाजारात येतो तो रायवळ नाहीतर डागी आंबा. 2016 साली राज्याने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून काढला आणि शेतकऱ्यांचे आठवडे बाजार सुरू केले, पण ते मुख्यतः पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांजवळ. कोकणातल्या गोणपाटावरच्या बाईला त्याचा उपयोग थोडाच, तिला बाजार समिती आधीही फारशी आडवी येत नव्हती, तिचा प्रश्न एसटीत टोपली चढवण्याचा आणि बसायला सावलीची जागा मिळण्याचा असतो.

ओली मासळी या आठवड्याच्या चक्रात बसत नाही, ती रोजची, हर्णैसारख्या बंदरात किनाऱ्यावरच लिलाव होतो. पाहा : मासळीबाजार, रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं).